शालेय ग्रंथालयातील कादंबरी

मराठी मुलांच्या हाती छापील गोष्टीचे पुस्तक पडू लागले ते १८२८ च्या सुमारास. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी मुंबईत ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ अशी दोन भाषांतरे सिद्ध केली. त्यांपैकी दुसरे मूळचे बेर्कँ या फ्रेंच लेखकाचे, पण इंग्रजीच्या वाटेने मराठीत उतरलेले. दोन्ही पुस्तके शाळेसाठी होती आणि दोन्हींचा बाणा बोधाचा होता. मुलाने गोष्ट वाचून हसावे, पण हसून झाल्यावर लगेच शहाणे व्हावे, अशी त्यामागची योजना. छत्र्यांचे गद्य स्वच्छ आणि ओघवते होते, यात शंका नाही. तथापि गोष्टीच्या पाठीशी उभे राहिलेल्या त्या तात्पर्याने मराठी शाळेच्या पुस्तकांच्या कपाटावर पुढे जवळजवळ शंभर वर्षे पहारा केला.

कादंबरी या कपाटात आली ती फार उशिरा आणि बहुधा मागील दाराने. बाबा पद्मनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे, तर हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. त्याच १८६१ पासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टी भागाभागांनी मराठीत आणावयास आरंभ केला. यांतले काहीच मुलांसाठी लिहिलेले नव्हते. परंतु तेरा-चौदा वर्षांचा मुलगा पुस्तक कोणासाठी लिहिले आहे याची चौकशी करीत बसत नाही. इसापाचा कोल्हा त्याला आता लहान वाटू लागलेला असतो आणि प्रौढांच्या संसारकथेत त्याचे मन अजून रमत नसते. या दोहोंच्या मधली चार वर्षे कशावर काढावयाची, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न. जो समाज या प्रश्नाचे उत्तर वेळेवर देत नाही त्याची मुले वाचन सोडतात, किंवा दुसऱ्या भाषेत जाऊन वाचतात. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांना हा दुसरा अनुभव परिचयाचा आहे.

मराठीत या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर इतिहासाने दिले. ‘विविधज्ञानविस्तार’चे संपादक रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही कादंबरी १८७१ मध्ये त्या मासिकातून येऊ लागली आणि डोंगरी किल्ला मराठी कथेत कायमचा येऊन बसला. पुढे हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘उषःकाल’सारख्या कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या. पुढच्या अंकाची वाट पाहणे ही गोष्ट मराठी घराला नवी होती. पुण्यातला कारकून, त्याची वाचू लागलेली पत्नी आणि इंग्रजी शाळेत जाणारा त्याचा मुलगा, असे तिघेही एकाच अंकाचे वाचक होऊ शकत होते.

आज हरिभाऊ विद्यार्थ्याच्या हाती द्यावयाचे तर थोडा विवेक करावा लागतो. ‘उषःकाल’ भव्य आहे, पण तिचा पसारा मोठा, आणि कथा ऐन रंगात आली असता वाचकाला थांबवून चार शब्द सांगण्याची हरिभाऊंची सवय आजच्या मुलाला जाचते. ‘गड आला पण सिंह गेला’ ही १९०३ ची कादंबरी मात्र आटोपशीर आहे. तानाजीची कथा मुलाला आधीच ठाऊक असते. शेवट ठाऊक असूनही तो पुढे वाचत राहतो, यातच कथाकाराचे यश आहे. हरिभाऊंची खरी थोरवी ‘पण लक्षात कोण घेतो!’ या विधवेच्या आत्मकथनात आहे हे निर्विवाद. पण ती कादंबरी बाराव्या वर्षी कर्तव्य म्हणून वाचावयास लावणे म्हणजे तिचा आणि वाचकाचा दोघांचाही अपराध करणे होय. सोळाव्या वर्षी ती आपण होऊन हाती घेणारी मुलगी तिला जन्मभर विसरत नाही.

हरिभाऊंच्या पाठोपाठ नाव घ्यावयाचे ते नाथमाधवांचे. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे पूर्ण नाव. ऐन तारुण्यात सिंहगडावर शिकारीच्या नादात ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. जो मनुष्य पुढे आपल्या पायांनी एक पायरीही चढू शकला नाही, त्याने मराठी मुलांना स्वराज्याचे गड चढून दाखविले आणि १९१३ च्या ‘वीरधवल’मध्ये अद्भुताची सफर घडविली. टीकाकारांनी नाथमाधवांना फारसे मनावर घेतले नाही. भाषा भडक, योगायोग पुष्कळ, व्यक्ती एकरंगी, हे आक्षेप खरेच आहेत. परंतु ‘वीरधवल’ रात्री दिव्याशी बसून संपवणाऱ्या मुलांच्या एका पिढीने त्यानंतर वाचन सोडले नाही, हेही तितकेच खरे. वाचनाची गोडी लावणारे पुस्तक आणि अभिरुची घडवणारे पुस्तक एकच असले पाहिजे, असा आग्रह शाळेने सोडला तर नाथमाधवांच्या ऋणाची कल्पना येईल.

याच सुमारास ग्रंथालय म्हणजे केवळ कुलूप नव्हे, ही कल्पना मराठी माणसाने परप्रांतात प्रत्यक्षात आणली. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय, त्यात मुलांसाठी वेगळा विभाग, आणि पेट्यांत पुस्तके भरून गावोगाव पाठवणारी फिरती ग्रंथालये, अशी व्यवस्था बडोदे संस्थानात उभी राहिली. इतरत्र मात्र शाळेतले ग्रंथालय म्हणजे बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीतील एक कपाट, आणि किल्ली ज्यांच्यापाशी ते गुरुजी वर्गावर गेलेले.

मुलांच्या नियतकालिकांत वा. गो. आपटे यांचे ‘आनंद’ मासिक १९०६ पासून निघत होते, आणि त्याने लहान वयाच्या वाचकांची उत्तम सोय केली. थोराड मुलांकडे पाहणारा पहिला मोठा लेखक म्हणजे साने गुरुजी. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक आणि छात्रालयाचे चालक म्हणून त्यांनी याच वयाची मुले जवळून पाहिली होती. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात थोड्या दिवसांत लिहून काढली. ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. बेचाळीस रात्रींत सांगितलेल्या या कथेला कादंबरी म्हणावे की आत्मचरित्र, हा वाद पंडितांनी करावा. एक गोष्ट मात्र नमूद करण्यासारखी आहे. हे पुस्तक मुले स्वतः मागतात त्यापेक्षा वडीलधारी त्यांना अधिक देतात. बक्षीस समारंभात तर हमखास देतात. त्यामुळे काही मुले ते उघडण्यापूर्वीच त्याला कंटाळलेली असतात. पोहायला जाण्याच्या भीतीने लपून बसलेला श्याम, पायाला माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा श्याम, हा आपल्यासारखाच एक मुलगा आहे, हे त्यांना कळण्यासाठी पुस्तकावरचे संस्काराचे वेष्टन आधी काढावे लागते.

ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’ला असे वेष्टन कधी नव्हतेच. किर्लोस्करवाडीच्या वातावरणात वावरलेल्या या लेखकाने गोट्याला व्रात्य केले, हजरजबाबी केले, आणि चांगला केला तोही त्याला न कळू देता. मुलींसाठी त्यांनीच ‘चिंगी’ लिहिली. मुलींच्या वाट्याला या सर्व काळात फार थोडे आले. कपाटातल्या कथांत मुलगी बहुधा कोणाची तरी बहीण असते किंवा सोडवून आणावयाची असते. म्हणून जाणत्या ग्रंथपालाने कादंबरीचा कप्पा सोडून शेजारच्या कप्प्यात हात घालावा आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढून द्यावीत. १९३४ ते १९३६ या काळात निघालेले ते आत्मचरित्र कोणत्याही कादंबरीइतके रंजक आहे, आणि त्याची नायिका कोणाकडून सोडवली जाण्याची वाट पाहत नाही.

याच कालखंडात शाळेबाहेरच्या दुकानात बाबूराव अर्नाळकरांचे साम्राज्य पसरले होते. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांच्या हजारांवर रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. शिक्षकांनी त्या जप्त केल्या आणि, बोलवा अशी की, घरी नेऊन वाचल्या. गणिताच्या पुस्तकात दडवून वाचली जाणारी गोष्ट आपल्या ग्रंथालयात का नाही, हा विचार ज्या लेखकाने सर्वांत गांभीर्याने केला ते भास्कर रामचंद्र भागवत.

भा. रा. भागवतांनी १९५१ मध्ये ‘बालमित्र’ हे मासिक काढले. छत्र्यांच्या पुस्तकाचेच नाव जवळजवळ सव्वाशे वर्षांनी परत आले, पण तात्पर्य मागे ठेवून आले. जूल व्हर्नला त्यांनी मराठी मुलांचा लेखक करून टाकले. नावापासून संवादापर्यंत सारे असे घोळून की वाचणाऱ्यास परकेपणाचा वाससुद्धा येऊ नये. त्यांची खरी निर्मिती म्हणजे बनेश फेणे. फुरसुंगीहून पुण्यास विद्याभवनात शिकावयास आलेला हा काटकुळा मुलगा सायकलवर बसला की कोणाला आटोपत नाही, आणि ‘टॉक्’ असा आवाज काढला की समजावे, काहीतरी घडणार. ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’पासून निघालेली ही मालिका वीसएक पुस्तकांपर्यंत गेली, प्रतापगडावर गेली, गुलमर्गलाही गेली.

फास्टर फेणेचे वैशिष्ट्य असे की त्याच्यापाशी वीरधवलाची तलवार नाही आणि श्यामची उत्कट व्याकुळताही नाही. त्याच्यापाशी चौकसपणा आहे. तो पुष्कळदा अंगलट येणारी उठाठेव करतो, घाबरतो आणि तरी पुढे जातो. भागवतांची भाषा तर शालेय मराठीवरचा उत्तम उतारा आहे. तिच्यात कोट्या आहेत, पुणेरी तिरकसपणा आहे, आणि लेखक मुलांशी बोलताना खाली वाकलेला नाही. सातवी-आठवीच्या मुलास एकच मराठी पुस्तक द्यावयाचे झाले, आणि तो मुलगा वाचनाला विटलेला असला, तर या मालिकेतले कोणतेही द्यावे. त्याने दुसरे मागितले नाही असे सहसा होत नाही.

नववीनंतर मात्र फेणे पुरत नाही. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक १९७१ मध्ये सुरू झाले आणि त्याने या वयाला नाव दिले. पण कादंबऱ्या बहुतांशी प्रौढांच्या दालनातूनच उसन्या घ्याव्या लागल्या. ‘स्वामी’ (१९६२), ‘मृत्युंजय’ (१९६७), ‘श्रीमान योगी’ (१९६८) यांना मागणी नेहमीच मोठी. त्यांची शैली अलंकारांनी जड आहे. तरी त्या वयाला भव्यतेची भूक असते आणि ती भागवणे गैर नाही. त्यांच्या जोडीला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ द्यावी. १९५५ चे हे छोटेखानी पुस्तक. कोवळ्या वयाचा एक मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीत शाळा चालवावयास जातो, तेथे कारभारी, आयबू, आनंदा रामोशी अशी माणसे त्याला भेटतात, आणि शेवटी दुष्काळ सारी वाडी उठवून नेतो. यात खलनायक नाही, रहस्य नाही. प्रसंग कोरड्या, नेमक्या वाक्यांत येतात. पंधरा वर्षांचा वाचक पहिल्याने गोंधळतो. मग त्याच्या ध्यानात येते की शाळा या शब्दाचा असाही एक अर्थ असतो.

विज्ञानाकडे कल असलेल्यांना जयंत नारळीकर आहेत. काशीच्या हिंदी मुलखात वाढलेल्या या शास्त्रज्ञाने १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. परीक्षकांवर आपल्या कीर्तीचे दडपण येऊ नये हा हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. त्यांच्या ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्यांत व्यक्तिचित्रण थोडे, पण विचाराचा थरार पुष्कळ आहे. आणि चौदाव्या वर्षी तो थरार पुरतो.

सीमेवरच्या बेळगाव भागातील मराठी, कानडीच्या शेजाराने लवचिक झालेली, प्रकाश नारायण संतांच्या लंपनला लाभली. ‘वनवास’ १९९४ मध्ये निघाले, नंतर ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा मोठमोठ्या आकड्यांत बोलतो आणि आपले दुःख मात्र एका ओळीत सांगून मोकळा होतो. घरापासून लांब वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला ही चार पुस्तके क्रमाने द्यावीत, एकदम चार नव्हेत.

मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ २००४ ची. आणीबाणीच्या काळातील एका गावी नववीत शिकणारा मुकुंद जोशी तिच्यात आपल्या वर्गाची, मित्रांची आणि शिरोडकर या वर्गभगिनीची हकीकत सांगतो. नववीतल्या मुलाचे मन मराठी कादंबरीत इतक्या खरेपणाने क्वचितच उतरले असेल. तिची भाषा मुलांच्या तोंडची असल्यामुळे काही ठिकाणी ही कादंबरी मुलांच्या कपाटात न ठेवता शिक्षकांच्या कपाटात ठेवतात. तेथून ती नववीच्या वर्गापर्यंत पोचतेच, आणि परत येते तेव्हा तिची पाने सुटू लागलेली असतात. अशा प्रतीची नव्याने बांधणी करून घ्यावी, आणि शक्य असल्यास दुसरी प्रत मागवावी.