सीट भेटली, पुढे काय? वऱ्हाडातल्या इंजिनिअरिंगची गोष्ट

गेल्या महिन्यात अकोल्याला मावशीकडे गेले होते. मावसभावाचा इंजिनिअरिंगला नंबर लागला म्हणून घरात पेढे. मी सहज विचारलं, पुढच्या चार वर्षांचं काय ठरवलंयस? तो म्हणाला, "ताई, सीट तं भेटली ना, आता कायचं टेन्शन?"

त्याला हसू नका. माझ्या प्रबंधाचा विषय विदर्भातलं तंत्रशिक्षण आहे (मूळची मी फिजिक्सची, इतिहासाकडे उशिरा वळले). जितकं वाचत जाते तितकं वाटतं, की हे वाक्य त्याच्या एकट्याचं नाही. वऱ्हाड गेली सत्तर वर्षं तेच म्हणत आलाय, आणि त्याला कारणही तसंच आहे.

जरा मागे जाऊ. १९२३ मध्ये अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघालं, तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झालं. ज्याला इंजिनिअर व्हायचं, त्याने आधी इंटर सायन्स करायचं आणि मग बडनेऱ्याला गाडी धरायची. पुण्याचं कॉलेज १८५४ चं, रुरकीचं १८४७ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं. सगळी लांब. म्हणजे प्रश्न 'कोणती ब्रँच' हा नव्हताच, 'कोणतं स्टेशन' हा होता. घरून किती पैसे येतील, कोणाकडे राहायचं, नापास झालो तर परत यायचं की तिथेच थांबायचं, हे सगळं निघण्याआधीच ठरवावं लागे. हौस म्हणून नाही, नाइलाज म्हणून.

१९४७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडला स्वतःचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं, ते जबलपूरला. नऊ वर्षं जेमतेम झाली असतील. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि जबलपूर मध्यप्रदेशात राहिलं. एका रात्रीत आपलं कॉलेज परराज्यातलं झालं. नागपूरला १९४२ पासून लक्ष्मीनारायण संस्था होती, पण ती रासायनिक तंत्रज्ञानाची. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल शिकायचं तर पुन्हा गाडी.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण गंमत इथेच आहे. हे होणार याची धास्ती पुढाऱ्यांना आधीपासून होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भासाठी जी कलमं घातली, त्यात व्यावसायिक आणि वैज्ञानिक शिक्षणाच्या संस्थांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात प्रवेश मिळावा, हे एक कलम आहे. पुढे राज्यघटनेच्या ३७१(२) या अनुच्छेदातही विदर्भ-मराठवाड्याच्या संदर्भात तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि सरकारी नोकरीच्या पुरेशा संधी यांचा उल्लेख आला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चकित झाले होते. आपल्या इंजिनिअरिंगच्या सीटचा विषय थेट घटनेत!

मागणी रास्तच होती. फक्त ती काय होती ते बघा. जागा. किती जागा, कोणाला जागा. आत गेल्यावर पोरगं चार वर्षं काय करेल, हे कोणत्याही करारात बसणारं नव्हतं.

मग जागा येत गेल्या. १९६० मध्ये नागपूरला विश्वेश्वरय्यांच्या नावाचं कॉलेज, १९६४ मध्ये अमरावतीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. त्या काळात पदवीनंतरचा रस्ताही साधारण ठरलेला होता: पाटबंधारे खातं, सार्वजनिक बांधकाम, नाहीतर वीज मंडळ. पदवी आणि नोकरी यांच्यामधलं अंतर कमी होतं, म्हणून मधल्या वर्षांचा फारसा विचार न करताही निभायचं.

आणि मग १९८३. वऱ्हाडच्या दृष्टीने एवढं गर्दीचं वर्ष क्वचितच झालं असेल. १ मे ला अमरावती विद्यापीठ सुरू झालं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, आणि त्याच वर्षी बडनेरा, शेगाव आणि पुसद इथे कॉलेजं उभी राहिली. शेगावचं तर गजानन महाराज संस्थानने काढलेलं. त्याच वर्षी वि. म. दांडेकरांची समिती प्रादेशिक असमतोल मोजायला बसली. तिने १९८४ मध्ये अहवाल दिला, त्यात तंत्रशिक्षणाचा अनुशेषही होता.

आधी डोनेशन भरून कर्नाटकात जाणारी पोरं आता घरचा डबा घेऊन कॉलेजात जाऊ लागली. अकोल्याहून शेगाव चाळीसेक किलोमीटर. ही लहान गोष्ट नाही, विशेषतः मुलींसाठी. ज्या घरांतून मुलीला पुण्याला पाठवलंच नसतं, त्या घरांना बडनेरा चाललं.

पण अंतराबरोबर ती जुनी नाइलाजाची आखणीही गेली, असं माझं मत आहे. सगळा जोर दरवाजावर आला: आधी बारावीचे मार्क, मग सीईटी. आमच्या घरीसुद्धा भिंतीवर बारावीचं वेळापत्रक दोन रंगांत होतं, पुढच्या वर्षांसाठी साधा खिळासुद्धा नव्हता. माझा नंबर लागला नाही आणि मी बीएस्सीला गेले. लागला असता तर माझंही मावसभावासारखंच झालं असतं, याबद्दल मला शंका नाही.

असो. त्या दिवशी पेढा खाऊन झाल्यावर आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. मी त्याला डिप्लोमावाल्यांचा हिशेब दाखवला. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि पुढे तीन वर्षं. बारावीवाल्याची दोन अधिक चार. दोन्हीकडे सहाच. पण डिप्लोमावाल्याचे हात सोळाव्या वर्षीच वर्कशॉपमध्ये काळे झालेले असतात. वर्गात त्याला नाक मुरडण्यापेक्षा त्याच्या शेजारी बस, म्हटलं.

दुसरं, अप्रेंटिस कायदा. तो १९६१ चा, पण पदवीधर आणि डिप्लोमाधारक त्यात आले ते १९७३ च्या दुरुस्तीने. वर्षभर कारखान्यात काम आणि वर स्टायपेंड. इतकी जुनी सोय, पण माझ्या ओळखीतल्या बहुतेक पोरांना ती शेवटच्या सेमिस्टरनंतर कळते, तेही घरी बसल्यावर.

तिसरं, उन्हाळा. अकोल्याच्या उन्हाळ्यात बाहेर पडा असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण चार वर्षांत मोकळे उन्हाळे तीनच मिळतात. पहिला गणित पक्कं करण्यात गेला तरी हरकत नाही. दुसऱ्यात एखादं मशीन, साइट किंवा सबस्टेशन जवळून बघायचं. तिसऱ्यात इंटर्नशिप, एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात ती आहेच, पण नुसतं सर्टिफिकेट आणायचं की खरंच जायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मावशी मधूनच म्हणाली, "अवं, आत्ताच तं लागला नंबर, घेऊ दे थोडा दम." बरोबर होतं तिचं. दम त्यालाही लागला होता आणि तिलाही.

तो मात्र कागद उलटा करून काहीतरी लिहीत होता. मी वाकून पाहिलं. 'पारस पॉवर स्टेशन – कोणाले विचारू?'