गोदावरीचा पूल आणि छायाचित्राची साक्ष

इतिहासाच्या अभ्यासकाला छायाचित्र म्हणजे बिनतोड पुरावा वाटतो. बखर लिहिणारा पक्षपाती असेल. कॅमेऱ्याला पक्ष कोठला? हा समज आम्हीहि पुष्कळ वर्षें बाळगला. तो ढळला नाशिकच्या गोदावरीवरील जुन्या दगडी पुलामुळें.

हा पूल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतला. इंग्रजी अमदानींत त्याला व्हिक्टोरिया राणीचें नांव होतें. आज तो अहिल्यादेवी होळकरांच्या नांवानें ओळखला जातो. एका तीरावर जुनें नाशिक, दुसऱ्यावर पंचवटी. या पुलाचीं कृष्णधवल छायाचित्रें आम्ही निरनिराळ्या ऋतूंत घेतलीं, जुनींहि जमविलीं. जुन्यांपैकीं बहुतेकांच्या पाठीवर ना साल, ना तिथि. आणि लाजेची गोष्ट अशी कीं, आमच्या स्वतःच्या चित्रांचीहि तीच गत.

अशा मुक्या चित्रांना बोलतें करावयाचें, तर प्रथम त्यांची भाषा कळली पाहिजे. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशानें चटकन् उजळत. तांबडा रंग मात्र त्यांना जवळजवळ दिसतच नसे. हा दोष पुढें कमी होत गेला, तरी बराच काळ पुरता गेला नाहीं. त्यामुळें जुन्या चित्रांत निळें आकाश कोरें पांढरें उमटतें आणि पुराचें तांबूस, गढूळ पाणी काळवंडतें. त्या काळ्या पाण्यावरून डोहाची खोली ठरवूं जाणारा फसलाच म्हणून समजावें.

पुराची उंची कळते ती निराळ्या रीतीनें. पुलाच्या खालच्या अंगाला घाटावर दुतोंड्या मारुति उभा आहे. पाणी त्याच्या कमरेस लागलें कीं गळ्याशीं आलें, यावरून नाशिककर पूर मोजतात. २००८ आणि २०१९ सालच्या महापुरांतहि हीच मोजपट्टी लोकांच्या तोंडीं होती. चित्राच्या कोपऱ्यांत मारुति सांपडला, तर रंगावांचूनहि पूर बोलूं लागतो.

पण जें चौकटींत आलेंच नाहीं, त्याचें काय? पुलापलीकडे पंचवटींत काळारामाचें मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं तेथें मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. अस्पृश्य मानलेल्यांसाठीं देवाचे दरवाजे बंद राहिले आणि लढा पुढें कांहीं वर्षें चालला. त्या काळीं कोणी पुलाचें चित्र घेतलें असेल, तर त्यांत दोन्ही तीर सुरेख जोडलेले दिसतील. तें बंद दार त्यांत दिसणार नाहीं. अशा चित्राला खोटें म्हणतां येत नाहीं, पण तेवढ्यावर विसंबणारा इतिहास मात्र खोटा ठरेल.

म्हणून आतां प्रत्येक चित्रामागें आम्ही तीन गोष्टी लिहितों: दिवस, आम्ही उभे होतों ती जागा, आणि त्या दिवशीं चौकटीबाहेर काय चाललें होतें. तिसरी ओळ लिहावयास सर्वांत अधिक वेळ लागतो.