वार्धक्य, दिनचर्या आणि वैयावृत्त्य

वऱ्हाडातील शिरपूर हे गाव आज वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात मोडते. वाशीम हा निराळा जिल्हा १९९८ साली झाला. तोपर्यंत हा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. गावाच्या नावास ‘जैन’ हे पद जोडले गेले ते येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीमुळे. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी रचिलेल्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात या क्षेत्राचे वर्णन आहे. त्यावरून त्या काळीही शिरपूरची ख्याती दूरवर पसरलेली होती हे उघड होते.

मूर्तीची आख्यायिका वऱ्हाडात घरोघर ठाऊक आहे. एलिचपूरचा एक राजा कुष्ठरोगाने गांजला होता. रानातील एका जलाशयाच्या पाण्याने त्याची व्याधी गेली आणि त्याच पाण्यात ही मूर्ती सापडली. गाडीतून ती नेत असता राजाने शंकेने मागे वळून पाहिले. गाडी पुढे निघून गेली आणि मूर्ती जागच्या जागी अधांतरी राहिली. कथेचा उगम असा आरोग्याच्या प्रश्नातच आहे. परंतु राजाचा रोग एका स्नानाने गेला. सामान्य माणसाचे, विशेषतः साठी उलटलेल्या माणसाचे आरोग्य एका स्नानाने साधत नाही. ते रोजच्या लहानसहान नियमांवर आणि त्या नियमांस हातभार लावणाऱ्या शेजारपाजारावर अवलंबून असते. या दोन्ही गोष्टींचा विचार ज्या परंपरेने हे क्षेत्र उभारले तिने फार पूर्वी केलेला आहे.

दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही पंथांस मान्य असलेल्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त तपाचे दोन वर्ग सांगितले आहेत. अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान, रसपरित्याग, विविक्तशय्यासन व कायक्लेश ही सहा बाह्य तपे होत. प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग व ध्यान ही सहा अभ्यंतर तपे होत. पहिल्या वर्गातील बहुतेक तपे खाण्यापिण्याची व देहाची शिस्त सांगतात. दुसऱ्या वर्गातील ‘वैयावृत्त्य’ म्हणजे आजारी, थकलेल्या व पूज्य माणसांची सेवा. आश्चर्य वाटावे अशी गोष्ट ही की, स्वतःचा उपवास हे बाहेरचे तप ठरले आणि दुसऱ्याची शुश्रूषा हे आतले.

श्वेतांबरांच्या स्थानांगसूत्रात वैयावृत्त्याच्या अधिकाऱ्यांमध्ये ‘स्थविर’ स्पष्टपणे गणला आहे. वयाने स्थविर कोणास म्हणावे, याचे उत्तरही तेथेच मिळते: ज्याची साठ वर्षे पूर्ण झाली तो. भारत सरकारने २००७ साली आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी कायदा केला, त्यातही ज्येष्ठत्वाची मर्यादा साठच ठरविली. हे सर्व नियम मूळचे साधूंसाठी होते. जन्मभर अनवाणी विहार करणाऱ्या साधूचे पाय म्हातारपणी थकले, तर त्यास एकाच गावी राहण्याची मुभा असे. तिला ‘स्थिरवास’ म्हणतात. अशा साधूच्या आहाराची व औषधाची चिंता त्या गावच्या संघाने वाहावयाची असे. नियम पाळणारा थकला की नियम सैल होतो आणि समाजाचे कर्तव्य वाढते, हे त्यातील तत्त्व होय.

गृहस्थाच्या घरात या शिस्तीचे रूप साधे असे. पाणी गाळून व उकळून प्यावयाचे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावयाचे. भुकेपेक्षा चार घास कमी खावयाचे, हेच अवमौदर्य. आणि सामायिक म्हणजे दोन घटका, अठ्ठेचाळीस मिनिटे, निश्चल बसून चित्त स्थिर करावयाचे. यांतील हेतू अहिंसेचा व संयमाचा होता, वैद्यकाचा नव्हे. तथापि पटकी जेव्हा गावेच्या गावे ओस पाडी, तेव्हा उकळलेले पाणी पिणाऱ्या घरास त्यापासून संरक्षण मिळे, हे आजचे जंतुशास्त्र सांगते. रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच अंथरुणास पाठ टेकू नये, हा सल्ला छातीत जळजळ होणाऱ्या वृद्धास आजचा डॉक्टरही देतो.

परंतु जुन्याचा गौरव करताना तारतम्य सोडून चालत नाही. वऱ्हाडचा उन्हाळा कडक. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते. अशा वेळी सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणे वृद्धास घातक होऊ शकते. मधुमेहावर औषध घेणाऱ्याने उपवास केला तर रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो. दूध वर्ज्य करून आहार अगदीच रोडावला, तर मुळातच क्षीण होत चाललेले स्नायू अधिकच क्षीण होतात. शास्त्रकारांस याची जाणीव नव्हती असे नाही. प्रत्याख्यानाच्या म्हणजे नियम घेण्याच्या पाठांतच ‘आगार’ या नावाने सवलती ठेविलेल्या आहेत. म्हणून वैद्याचा सल्ला घेऊन नियम बेताचा करणाऱ्या वृद्धाने व्रत मोडले, असे समजण्याचे कारण नाही.

आयुर्वेदाचीही तीच कथा. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचाच आहे. रोज अंगास तेल लावल्याने वार्धक्य, थकवा व वात दूर राहतात, असे तो म्हणतो. व्यायाम मात्र बालकाने, वृद्धाने व अजीर्ण झालेल्याने टाळावा असे सांगतो. आजचे शास्त्र येथे वाग्भटाच्या पुढे गेले आहे. पासष्टीपुढील माणसानेही झेपेल त्या मानाने आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. कारण उघड आहे. म्हातारपणी पडणे आणि मांडीचे हाड मोडणे यांतून कित्येकांस कायमचे अंथरूण धरावे लागते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा नित्यनेम वार्धक्यातही सांभाळला. तो त्यांनी एकट्याचा ठेविला नाही, आपल्या संस्थानच्या शाळांतून रूढ केला. सवय चार जणांत रुजली म्हणजे टिकते, हे त्यांनी ओळखले होते.

शिरपूरच्या इतिहासात याच गोष्टीची दुसरी, काहीशी खेदकारक बाजू दिसते. मंदिराच्या हक्काविषयी दोन पंथांत दीर्घकाळ वाद चालला. १९२९ साली तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन आला. तरीही मिटला नाही. १९८१ साली मंदिरास कुलूप लागले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली ते उघडले. मधली बेचाळीस वर्षे म्हणजे एका माणसाचे सारे प्रौढपण होय. कुलूप लागले तेव्हा जो अठरा वर्षांचा होता, तो दार उघडले तेव्हा साठीचा झाला. वादात कोणाचा पक्ष खरा हे ठरविणे न्यायालयाचे काम. परंतु ज्या घरगुती नियमांस मंदिराचे दार लागत नव्हते, त्यांस कुलूपही लागणे शक्य नव्हते. आणि वैयावृत्त्याविषयी तर दोन्ही पंथांत मतभेदच नाही. आजाऱ्याची शुश्रूषा कोणी करावी, यावर कोणी प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेल्याचे ऐकिवात नाही.

सेवेचा हा विचार पंथाची व जातीची कुंपणे ओलांडून साऱ्या गावास लागू करण्याचे कार्य विदर्भातील संतांनी केले. गाडगे महाराजांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली व यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. तुकडोजी महाराजांनी १९५५ सालच्या ‘ग्रामगीते’त ग्राम-आरोग्यास स्वतंत्र अध्याय दिला. पुढे १९७० साली अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने गावातीलच स्त्रियांस शिकवून आरोग्यसेविका केले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या व उपेक्षित जातींतून आलेल्या होत्या. आजाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत प्रथम पोहोचते ती शेजारीण, डॉक्टर नव्हे, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. २००५ साली सुरू झालेल्या ‘आशा’ योजनेतही गावातीलच स्त्रीवर हे काम सोपविले आहे. वृद्धांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली आला आणि २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांस आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांची सोय झाली.

कायदे व योजना झाल्या, हे योग्यच झाले. परंतु त्या रुग्णालयाच्या दारापर्यंत येतात. त्या दारापर्यंत वृद्धास कोण आणणार, हा प्रश्न घराचा व आळीचा उरतो. पाणी उकळून प्यावे हे आजीबाईस ठाऊक असते, पण भरलेले पातेले चुलीवरून उतरविण्याची शक्ती तिच्या मनगटात नसते. सकाळी फिरावे हे आजोबांस पटलेले असते, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर सोबत नसली तर ते ओट्याखाली उतरत नाहीत. रक्तदाबाची गोळी डब्यात असते, पण ती सकाळची की रात्रीची हे वाचावयास डोळे साथ देत नाहीत. बाह्य तप येथे थांबते आणि अभ्यंतर तपास येथून आरंभ होतो. सुशिक्षित घरांनी आपल्या वडीलधाऱ्यांस नियमांची यादी लिहून देण्यापूर्वी त्या यादीतील किती नियम त्यांस एकट्याने पाळता येतील, हे मोजून पाहावे आणि उरलेल्या प्रत्येक नियमापुढे घरातील किंवा शेजारातील एकेका माणसाचे नाव लिहावे.