बोरीची छाटणी आणि रोजगाराची हमी

आपल्या गिरगावात झाडे फारशी राहिली नाहीत, त्यांची नावे मात्र राहिली. ठाकूरद्वाराशेजारी फणसवाडी आहे. तशीच आंबेवाडी, केळेवाडी आणि बोरभाटही आहे. भाट म्हणजे बागायतीची जमीन. चाळी उठण्यापूर्वी येथे बागा होत्या, त्याची एवढीच खूण. बोर मात्र अजून दरवर्षी संक्रांतीला आपल्या घरी येते. बोरन्हाणात चुरमुरे, उसाचे करवे आणि बोरे बाळाच्या डोक्यावरून ओततात आणि ती वेचायला आळीतली मुले धावतात. ज्या झाडाची ही बोरे, त्याच्याशी आपला काही हिशेब आहे काय, एवढेच आज पाहावयाचे आहे.

बोर हे कोरडवाहू मुलखाचे झाड. मूळ खोल जाते. उन्हाळ्यात पाने गाळून झाड स्वस्थ राहते आणि पावसाबरोबर नवी फूट घेते. फुले येतात ती त्याच वर्षीच्या फुटीवर, पानांच्या बेचक्यांत. म्हणून छाटणी दरवर्षी करावी लागते. आपल्याकडे ती एप्रिल-मे महिन्यांत करतात. काही वर्षे ती चुकली की फांद्या लांबतात, एकमेकींत गुंततात, जमिनीला टेकतात आणि बोरे बारीक होत जातात. लोक म्हणतात, झाड म्हातारे झाले. वस्तुतः त्याच्याकडे कोणी पाहिलेले नसते, इतकेच.

अशा झाडाला उपाय आहे. वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढायच्या. मग थोरल्या फांद्या करवतीने आखूड करून कापावर मोरचूद आणि चुन्याचा लेप द्यायचा. पुढे फुटवे दाट येतात. त्यांतले चहूबाजूंना जाणारे, जोमदार असे थोडे राखून बाकीचे काढून टाकायचे. झाड रानबोरीचे असेल, तर खोड जमिनीपासून हात-दोन हातांवर कापतात आणि नव्या फुटव्यावर मेहरूण, कडाका किंवा उमराण या जातीचा डोळा भरतात. मूळ जुनेच राहते, फळ मात्र नवे येते.

आता हिशेबाकडे वळू. १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूर येथे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर पसरली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कोठून आला? १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसविला, तो या हमीसाठी. गिरणीतला साचेवाला आणि कचेरीतला कारकून यांच्या पगारातून तो कापला गेला आणि सरकारने त्यात आपली भर घातली. पगारपत्रकावरची ही कपात पाहून कुरकुर करणारे कामगार मी पुष्कळ पाहिले आहेत. हा पैसा जातो कोठे, असे ते विचारीत. त्याचे एक उत्तर बोरीच्या झाडाखाली सापडते. १९९० साली फळबाग लागवड या हमीशी जोडली गेली. खड्डे खणण्याची आणि रोपे लावण्याची मजुरी त्यातून मिळू लागली आणि सोलापूरसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांत बोर, डाळिंब, सीताफळ यांच्या बागा उभ्या राहिल्या.

माझा मुद्दा येथेच आहे. खड्डा एकदा खणावयाचा असतो, छाटणी दरवर्षीची. सरकारी मदत सुरुवातीच्या वर्षांपुरती असते. ती संपली आणि बोरांना भाव मिळाला नाही, की छाटणीची मजुरी लहान शेतकऱ्याला जड जाते. त्याचबरोबर करवत चालविणाऱ्या मजुराचे कामही जाते. लागवडीचे आकडे अहवालात झळकतात. बाग पुढे रानटी झाली, तर दोष झाडाला लागतो. युनियनमध्ये वावरलेल्या माणसाला हे नवे नाही. नोंदणीचा कागद एकदा मिळाला की मिळाला; वर्गणी मात्र दरमहा खोल्याखोल्यांतून फिरून गोळा करावी लागते, आणि युनियन जगते ती त्या फिरण्यावर.

म्हणून लागवडीइतक्याच आस्थेने छाटणीच्या मजुरीचीही तरतूद व्हावी, अशी मागणी शहरातल्या पगारदारांनी करावी. ती परक्या गावच्या कारभारात ढवळाढवळ ठरणार नाही. त्या झाडांच्या पहिल्या मजुरीत आपलाही वाटा आहे.