अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा

शाळा कशाने चालते, असे विचारले तर बहुतेक लोक मास्तराने, असे उत्तर देतील. ते खोटे नाही. पण मास्तर कितीही चांगला असला तरी तो कोणत्या खोलीत उभा आहे, समोरच्या मुलाच्या पोटात काय आहे आणि ते मूल रात्री किती वेळ झोपले आहे, हा हिशेब त्याच्या हाती नसतो. कामगारांच्या एका गावाने हा हिशेब मांडला, त्याची हकीकत आम्ही श्रोत्यांपुढे ठेवणार आहोत. गाव विलायतेतील, यॉर्कशायरमधील लोकरीच्या गिरण्यांचे ब्रॅडफर्ड. आमच्यापाशी पदवी नाही. रात्रशाळा आणि युनियनच्या कचेरीतले पुस्तकांचे कपाट, एवढेच आमचे विद्यापीठ. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये.

1833 च्या कायद्याने विलायतेत बहुतेक कापडगिरण्यांतून 9 वर्षांखालील मुलांना बंदी झाली. 1844 च्या कायद्याने ही मर्यादा उलट 8 वर आणली, आणि त्या बदल्यात मुलाने रोज साडेसहा तास गिरणीत व सुमारे तीन तास शाळेत काढावेत असे ठरवले. या मुलांना 'हाफ-टायमर' म्हणत. कागदावर व्यवस्था मोठी न्यायाची दिसते. प्रत्यक्षात पहाटेपासून साच्याखाली वावरलेले पोर दुपारी वर्गात आले की बाकावर डोके टेकून झोपी जाई. कनवाळू मास्तर त्याला झोपू देत आणि कडक मास्तर छडी मारून उठवीत. अभ्यास दोन्हीकडे सारखाच होई.

आणि शाळा तरी कशा? कार्ल मार्क्सने 1867 साली छापलेल्या 'भांडवल' ग्रंथात कारखाना निरीक्षकांचे अहवाल दिले आहेत. त्यांत एका शाळेची खोली 15 फूट लांब व 10 फूट रुंद असून तीत 75 मुले मोजली, अशी नोंद आहे. आम्हाला पगारपत्रके तपासायची सवय, म्हणून भागाकार करून पाहिला. दर मुलामागे दोन चौरस फूट. म्हणजे वर्तमानपत्राच्या एका पानाएवढी जागा! हजेरीच्या दाखल्यावर सही म्हणून फुली काढणारे मास्तरही त्या अहवालांत भेटतात. पण सहीबहाद्दर पंडित आणून बसवला असता, तर त्याने तरी त्या खोलीत काय दिवे लावले असते?

1870 साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. तो मांडणारे फॉर्स्टर हे ब्रॅडफर्डचेच खासदार. लोकनियुक्त शाळामंडळे आली, इमारती उठल्या. तरी मुले तीच होती. मग 1890 च्या डिसेंबरात त्या गावच्या मॅनिंगहॅम गिरणीत पगारकपातीवरून संप झाला आणि 1891 च्या एप्रिलात तो मोडला. मोडलेल्या संपातून काय निघते, असे आम्हाला पुष्कळदा विचारतात. ब्रॅडफर्डमध्ये राजकारण निघाले. 1893 साली तेथेच स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला, आणि 1894 साली त्या पक्षाच्या मार्गारेट मॅकमिलन या बाई शाळामंडळावर निवडून आल्या.

बाईंनी पुस्तकांना हात घालण्याआधी मुलांच्या अंगाला हात घातला. घरात पाणी तापवायला सोय नाही, जागा नाही. हिवाळ्यात तर मुलांच्या अंगावर कपडे शिवूनच टाकीत, ते उन्हाळ्यात उसवायचे. ऊ, खरूज, नासलेले दात, वाहणारे कान. कान वाहणाऱ्या मुलाला मास्तर 'मठ्ठ' म्हणे. त्याला ऐकूच येत नव्हते. 1897 साली वॉपिंग रोडच्या शाळेत न्हाणीघरे बांधली. सरकारी मदतीच्या प्राथमिक शाळेत अशी सोय त्या देशात ही पहिलीच.

पुढची पायरी अन्नाची. 1906 साली ब्रॅडफर्डहून फ्रेड जोवेट पार्लमेंटात गेले. ते स्वतः आठव्या वर्षी गिरणीत हाफ-टायमर म्हणून लागलेले. त्यांनी सभागृहातले पहिले भाषण शाळेतल्या जेवणावर केले. त्याच वर्षी तसा कायदा झाला, पण सक्तीचा नव्हे. ज्या गावाला वाटेल त्याने करावे. ब्रॅडफर्डला वाटले. 1907 च्या एप्रिल ते जुलै या काळात शाळांचे डॉक्टर क्राउली यांनी सुमारे 40 गरजू मुलांना रोज न्याहारी व जेवण देऊन त्यांचे वजन ठेवले. टेबलांवर धुतलेली कापडे घातली, फुले ठेवली. मुलांची वजने चढली. मध्ये सणाची आठवडाभर सुट्टी आली आणि जेवण बंद पडले, तशी ती उतरली. पुन्हा जेवण सुरू होताच चढली. फळ्यावरच्या कोणत्याही गणितापेक्षा हे गणित आम्हाला मोठे वाटते.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईच्या गिरण्यांना 1881 च्या कायद्याने 7 ते 12 वर्षांची मुले दिवसाला 9 तास राबवण्याची मुभा होती. 1891 साली वय 9 ते 14 व तास 7 झाले. 'हाफ-टायमर' हा शब्दही इकडे आला, मात्र उरलेला अर्धा दिवस शाळेत घालवण्याची अट बोटीतून उतरलीच नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले होते. मुंबईत सक्ती आली ती 1925 साली, एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे गिरणगावातच. शाळेतल्या जेवणाची देशव्यापी योजना 1995 ची. ते शिजवूनच द्यावे, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली केला, तोवर पुष्कळ ठिकाणी पोराच्या हाती तांदूळ देऊन मोकळे होत. रात्रशाळेत तर अजून दिवसाच्या लहान मुलांचेच बाक असतात. दिवसभर राबलेल्या माणसाचे गुडघे त्यात मावत नाहीत. आमचेही मावत नसत.

एक गोष्ट मात्र आमच्याच घरातली आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. हाफ-टायमरची पद्धत मालकांना सोयीची होती, हे खरे. पण 1909 साली लँकेशायरच्या सूतगिरण्यांतील युनियनांनी या मुलांचे वय 12 वरून 13 करावे की नाही, यावर सभासदांची मते घेतली, तेव्हा प्रचंड बहुमताने 'करू नये' असाच कौल पडला. पुढाऱ्यांपैकी पुष्कळांना सुधारणा हवी होती. आईबापांना पोराच्या हप्त्याचे शिलिंग हवे होते. त्या आईबापांना शिव्या देणे सोपे आहे. आम्ही देणार नाही. घरभाडे कसे भागते ते आम्ही जवळून पाहिले आहे. बापाचा पगार एकट्याने घर चालवण्याजोगा असता, तर तो कौल तसाच पडला असता काय? अखेर 1918 च्या शिक्षण कायद्याने ती पद्धत रद्द केली, आणि अंमल 1921 साली झाला. तोवर ब्रॅडफर्डच्या शाळांत दुपारच्या वर्गात पेंगणारी पोरे होतीच, न्हाऊन आणि जेवून.