खेळ शाबूत, दुभाषी हरवला

सीमेवर राहणाऱ्या माणसाला दुभाष्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. जमिनीचा उतारा कानडीत, पणजोबांचे खरेदीखत मोडीत आणि नातवाचा अभ्यास इंग्रजीत, अशी घरे आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील. कागद शाबूत असतो; वाचणारा मिळेनासा होतो. मुलांच्या संगणकीय खेळांचा इतिहास चाळताना मला हीच गोष्ट वारंवार भेटली.

सर्वांत गाजलेले प्रकरण अमेरिकेतले, १९९४ च्या नाताळातले. त्या वर्षी डिस्नेच्या 'द लायन किंग' या चित्रपटाने बालगोपाळांना वेड लावले होते. साहजिकच त्यावरच्या खेळाची सीडी नाताळची भेट म्हणून घरोघर गेली. विंडोजवर चित्रे झरझर उमटावीत म्हणून या खेळाने मायक्रोसॉफ्टच्या 'विन-जी' या साधनाचा आधार घेतला होता. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या कार्डाशी विंडोज ज्या छोट्या प्रोग्रॅममार्फत बोलते, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कॉम्पॅक कंपनीच्या काही प्रेसारिओ संगणकांतल्या ड्रायव्हरचे आणि विन-जीचे जमेना. मुलांनी हौसेने सीडी घातली, तो सिंहाऐवजी संगणकच बंद पडलेला! पालकांच्या तक्रारींनी डिस्नेचे फोन खणखणत राहिले. खेळ आणि यंत्र यांच्यामध्ये भरवशाचा दुवा हवा, याची निकड या फजितीने पटवली. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे 'डायरेक्ट-एक्स' आले, ते असाच दुवा म्हणून.

नव्या खेळाची ही कथा, मग जुन्यांचे काय विचारावे? सुरुवातीच्या अनेक खेळांनी वेळ मोजायला प्रोसेसरचा वेगच प्रमाण धरला होता. १९८१ च्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. पुढच्या वेगवान यंत्रांवर तेच खेळ असे धावू लागले, की मुलाने बोट हलवण्याआधी डाव संपे. म्हणून त्या काळच्या कित्येक संगणकांवर 'टर्बो' बटण असे. नाव वेगाचे, खरा उपयोग वेग कमी करण्याचा. पुढे ६४ बिटांचे विंडोज आले आणि त्याने १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवणेच सोडले. काही खेळ स्वतः ३२ बिटांचे, पण त्यांची संगणकावर स्थापना करणारा भाग तेवढा १६ बिटांचा. घर धडधाकट, किल्ली तेवढी मोडलेली!

यावरचा सुंदर तोडगा जुन्याच एका कल्पनेत दडलेला होता. १९८७ मध्ये लुकासफिल्म गेम्समध्ये रॉन गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 'मॅनियाक मॅन्शन' या खेळासाठी 'स्कम' नावाची पद्धत रचली. खेळाची संहिता एका बाजूला, आणि ती वाचून यंत्राला सांगणारा दुभाषी दुसऱ्या बाजूला. गिल्बर्ट यांनी १९९२ मध्ये शेली डे यांच्यासह ह्यूमंगस ही कंपनी काढली. 'पट-पट' ही जांभळी मोटार, 'फ्रेडी फिश' ही मासोळी, अंधाराला भिणारा 'पजामा सॅम', हे लहानग्यांचे सोबती तिथे याच पद्धतीवर घडले. २००१ मध्ये हौशी मंडळींनी 'स्कम-व्हीएम' हा नवा दुभाषी लिहायला घेतला. मूळ खेळाच्या फाइली जवळ असल्या, की संहितेला हात न लावता हा दुभाषी तो खेळ आजच्या संगणकावर, अगदी मोबाइलवरही, चालवून दाखवतो.

मुलांच्या खेळांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. मला वाटते, एका पिढीने पडद्यावर वाचलेली ती पहिली गोष्ट होती. बालवाङ्मय जपायचे, तर हेही जपायला हवे.

आणि आपल्या माळ्यावर काय आहे? १९९० च्या दशकात मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत जुळवला जाई. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या त्या फाइली आज उघडल्या, तर रोमन अक्षरांचा भुसा दिसतो. मंडळांचे वृत्तान्त, गावांचे इतिहास, कविता, सारे त्यात अडकलेले आहे. जुना फाँट ओळखणारी माणसे अजून आपल्यात आहेत. जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यांना घरी बोलवावे आणि फाइली युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात. मोडी जाणणारी पिढी गेली, तेव्हा किती घरांतली खरेदीखते मुकी झाली, हे सीमाभागाला सांगायला नको.