कोलाची गुप्त चिठ्ठी आणि आपला मसाल्याचा डबा



उन्हाळ्याची सुट्टी लागली की महिला मंडळात एक प्रश्न हमखास येतो, "कोला आपल्याला चालतो का गं?" उत्तरं ठरलेली. कुणी म्हणतं, "हिरवा ठिपका आहे ना, मग चालतो." कुणी म्हणतं, "कशाला ती पोटाची नासाडी, सरबत दे." मला मात्र जाणून घ्यायचं होतं की त्या काळ्या पाण्यात असतं तरी काय, आणि घरी करायचं म्हटलं तर काय काय लागेल. म्हणून कोलाच्या जुन्या कृती शोधून वाचल्या.

सुरुवात आपल्या ठाण्यातूनच करते. वागळे इस्टेट म्हटलं की आता आपल्याला पासपोर्ट कार्यालय आठवतं आणि काचेच्या इमारती. पण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालं, तेव्हा ज्या वसाहतीपासून त्याचं काम सुरू झालं ती ही वागळे इस्टेट. इथेच १९६५ च्या सुमारास बिस्लेरीचा बाटलीबंद पाण्याचा कारखाना उभा राहिला. डॉ. रोसी नावाचे इटालियन गृहस्थ आणि मुंबईचे पारशी वकील खुश्रू सुनटूक यांनी तो काढला. पाणी काचेच्या बाटलीत मिळायचं, साधं आणि बुडबुड्यांचं अशा दोन तऱ्हांचं. पाणी विकत घ्यायचं, ही कल्पनाच तेव्हा लोकांना हसण्यासारखी वाटली. १९६९ मध्ये पार्लेच्या चौहानांनी हा धंदा चार लाख रुपयांना घेतला, तोही मुख्यतः सोड्यासाठी. त्यांच्याकडे गोड पेयं होती, स्वतःचा सोडा नव्हता.

आता नावाची गंमत बघा. फेलिचे बिस्लेरी हा मिलान शहरातला उद्योजक. १८८१ मध्ये त्याने जे काढलं ते पाणी नव्हतंच. लोह आणि सिंकोनाची साल घातलेलं ते एक कडू टॉनिक होतं, आणि त्याचा आधार होता मद्यार्क. ज्या नावाचं पाणी आपण तीर्थयात्रेला जाताना निर्धास्तपणे पिशवीत टाकतो, त्या नावाचा जन्म असा. त्या पाण्यात अर्थातच त्यातलं काही नाही. पण ही पेयं जिथून निघाली तिथे मागे मागे जात राहिलं की वाट बहुतेकदा दारूच्या पिंपापाशी पोहोचते.

सोड्याचंच घ्या. इंग्लंडमधल्या लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक दारूभट्टीच्या शेजारी राहायचा. आंबणाऱ्या पिंपावर जो वायू साचतो, तो त्याने पाण्यात मिसळून पाहिला आणि पाणी चुरचुरीत लागलं. पुढे १७७२ मध्ये त्याने हे पाणी घरी कसं करावं यावर छोटी पुस्तिकाच छापली. त्यात भट्टीची गरज नव्हती. खडूच्या भुकटीवर गंधकाचं आम्ल टाकायचं आणि निघणारा वायू पाण्यात न्यायचा. पण वायू साठवायला त्याने वापरली होती डुकराच्या मूत्राशयाची पिशवी! त्या पाण्याला तसा वास येतो, अशी तक्रार दुसऱ्या एका डॉक्टरने लवकरच केली. (हे वाचल्यावर मी अर्धा तास कशालाच हात लावला नाही.)

माझी आजी सांगलीकडची. जत्रेत गोटी सोड्याची गाडी दिसली की आम्ही हट्ट धरायचो आणि ती एकच विचारायची, "पाणी कुणी गाळलं?" गाडीवाल्याकडे याला उत्तर नसायचं. ती गोटीची बाटली म्हणजे हायरम कॉड या इंग्रजाची करामत, १८७२ ची. आतल्या वायूच्याच दाबाने गोटी तोंडाशी घट्ट बसते, बूच लागत नाही. बाटली पुन्हा पुन्हा भरता येते, म्हणून आपल्याकडे ती इतकी टिकली. आजीला यंत्राचं कौतुक होतं, पाण्याचा भरवसा नव्हता.

आता कोला. अमेरिकेतल्या अटलांटा शहरातला जॉन पेम्बर्टन हा औषधविक्रेता. तिथल्या यादवी युद्धात जखमी झाला आणि वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनच्या आहारी गेला. त्याने आधी काढली 'फ्रेंच वाइन कोका', म्हणजे द्राक्षाच्या दारूत कोकाची पानं आणि आफ्रिकेतल्या कोला झाडाच्या बियांचा अर्क. पण अटलांटात दारूबंदी आली आणि दारूच्या जागी साखरेचा पाक घालून नवं पेय करावं लागलं. ८ मे १८८६ रोजी ते एका औषधाच्या दुकानात पाच सेंटला ग्लास या भावाने विकायला सुरुवात झाली. आज जगभर पितात तो कोला दारूबंदीमुळे जन्मला, ही गोष्ट मला फार आवडली.

त्याची कृती म्हणे तिजोरीत असते. पण १९७९ मध्ये अटलांटाच्या वर्तमानपत्रात एका जुन्या हस्तलिखित वहीच्या पानाचं छायाचित्र छापून आलं. ही आमची कृती नव्हे, असं कंपनीचं म्हणणं. असेल. तरी हे पान आपण बायकांनी वाचावंच असं आहे. पाकासाठी लिंबाचा रस, सायट्रिक आम्ल, कॅफीन, व्हॅनिला, रंगाला करपवलेली साखर, कोकाचा अर्क, पाणी आणि साखर '३०'. तीस काय, ते लिहिलेलंच नाही! आपल्या सासूबाईंच्या वह्यांत "मीठ अंदाजाने" असतं, तसंच. आणि खरं गुपित म्हणतात तो स्वाद असा : संत्र्याच्या सालीचं तेल २० थेंब, लिंबाच्या सालीचं ३०, जायफळाचं १०, दालचिनीचं १०, संत्र्याच्या फुलांचं १० आणि धण्याचं ५. हे सगळं ८ औंस अल्कोहोलमध्ये. त्यातलं २ औंस घेऊन ५ गॅलन पाकात घालायचं.

म्हणजे धने, दालचिनी, जायफळ, लिंबू, संत्रं. फुलांचं तेल सोडलं तर यातलं आपल्या घरात नाही असं काय आहे? कंदमूळही नाही. अडतं ते एका ठिकाणी, मसाल्याचं तेल पाण्यात विरघळत नाही म्हणून त्याला वाहून न्यायला घेतलेल्या अल्कोहोलपाशी. हिशोब केला तर ते पाकाचा तीनशेविसावा भाग, आणि तो पाकही पुढे सोड्यात पातळ होतो. मग इतकंसं चालतं का?

हाच प्रश्न एका वेगळ्या धर्माच्या माणसाला पडला होता. टोबायस गेफेन हे अटलांटातले ज्यू धर्मगुरू. ज्यू लोकांचेही खाण्यापिण्याचे नियम कडक. कोला आपल्याला चालतो का, अशी पत्रं त्यांना गावोगावहून येत. त्यांनी सरळ कंपनीकडे घटकांची यादी मागितली आणि ती बाहेर फोडायची नाही या अटीवर त्यांना ती मिळाली. तपासल्यावर निघालं की त्यात प्राण्याच्या चरबीपासून काढलेलं ग्लिसरीन आहे, हजारात एक भाग. एवढं अल्प चुकून पडलं असतं तर त्यांच्या शास्त्राने सूट दिली असती. पण गेफेन म्हणाले, हे चुकून पडलेलं नाही, मुद्दाम घातलेलं आहे, म्हणून सूट नाही. अखेर कंपनीने वनस्पती तेलापासूनचं ग्लिसरीन घ्यायचं मान्य केलं आणि १९३५ मध्ये त्यांनी अनुमती लिहून दिली. त्यातही शब्द पाळला आणि घटकांची नावं जुन्या हिब्रू ग्रंथांतल्या शब्दांआड झाकली.

मला हा माणूस जवळचा वाटतो. चुकून झालेलं आणि जाणून केलेलं यातला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको, रोज संध्याकाळी प्रतिक्रमणात आपण तोच तर तपासतो.

आपल्या देशातही ही चिठ्ठी मागितली गेली होती. १९७७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना सरकारने कोका-कोलाला सांगितलं की मालकीचा मोठा हिस्सा भारतीयांना द्या आणि कृतीही द्या. कंपनी देश सोडून गेली. मग म्हैसूरच्या सरकारी अन्न संशोधन संस्थेने नवी कृती बसवली आणि मॉडर्न बेकरीने 'डबल सेव्हन' काढलं. ते फार चाललं नाही. चाललं ते त्याच वर्षी पार्लेने काढलेलं थम्स अप. ग्राहकाच्या हाती मात्र कृती कुणाचीच आली नाही. हिरवा-तपकिरी ठिपका यायला २००१ साल उजाडलं. आणि प्रत्येक घटक वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला हे नुसते आकडे न लिहिता स्पष्ट सांगा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बजावलं. म्हणजे आजीचाच प्रश्न, कोर्टाच्या भाषेत.

जुन्या घरगुती कृतींबद्दल एक सावधगिरी. अमेरिकेत चार्ल्स हायर्सच्या अर्काच्या पुड्या मिळायच्या. घरी पाणी, साखर आणि यीस्ट घालून बाटल्या बंद करायच्या, आंबून गॅस धरला की 'रूट बीअर' तयार. १८९५ मध्ये तिथल्या दारूबंदीवाल्या स्त्रियांच्या संघटनेने यात अल्कोहोल आहे म्हणून त्यावर बहिष्कार घातला. १८९८ ला तपासणी झाली, अर्ध्या पावात असतं तेवढंच निघालं, म्हणून तो उठवला. त्यांनी उठवला, आपल्याला मात्र आंबवणंच नको. तेव्हा यीस्टच्या कृती दिसल्या की पान उलटा. 'कोला'च्या काही नव्या कृतींत ताजं आलंही घालतात, तेही वगळा. वाटलंच तर चिमूटभर सुंठ घाला.

तर आता माझी कृती. पाव वाटी साखर जाड बुडाच्या भांड्यात कोरडीच वितळवून गडद तपकिरी होऊ द्यायची. धूर यायच्या आत अर्धी वाटी गरम पाणी घालायचं, हात लांब ठेवून, कारण ते जोरात उसळतं. दुसऱ्या भांड्यात गाळलेलं पाणी दोन वाट्या, एक चमचा अर्धवट कुटलेले धने, बोटभर दालचिनी, जायफळाची थोडी पूड आणि तरतरीसाठी अर्धा चमचा चहापत्ती. झाकण ठेवून पाच मिनिटं उकळायचं. गॅस बंद करून त्यात दोन लिंबांची आणि एका संत्र्याची वरची रंगीत साल घालायची, पांढरा भाग आला तर कडू होतं. झाकण काढायचं नाही, सुगंध वाफेबरोबर जातो. गार झालं की स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यायचं, दीड वाटी साखर विरघळवायची, करपवलेल्या साखरेचं पाणी आणि तीन लिंबांचा रस मिसळायचा. व्हॅनिला इसेन्स मी घालत नाही, त्याचा आधार बहुधा अल्कोहोलच असतो.

राहिला बुडबुडा. पूर्वीच्या 'सोडा पावडरी'त खाण्याच्या सोड्याबरोबर टार्टरिक आम्ल असायचं, आणि ते निघतं दारूच्या पिंपांच्या तळाशी बसलेल्या साक्यातून. बाजारातलं लिंबूसत्व १९१९ पासून बुरशीकडून साखर आंबवून करतात. सिलिंडरमधला वायू खतांच्या कारखान्यातून येतो तसा मद्यार्काच्या कारखान्यातूनही येतो. ज्यांना याचं काही वाटत नाही त्यांनी खुशाल सोडा मशिन वापरावं, मी कुणाला अडवत नाही. मी मात्र ताजं लिंबूच घेते. उंच ग्लासात पाव ग्लास पाक, अर्ध्या लिंबाचा रस आणि गार पाणी पाऊण ग्लासापर्यंत. त्यात चहाच्या चमच्याने पाव चमचा खाण्याचा सोडा, आणि ढवळून लगेच प्यायला द्यायचं. बाटलीसारखा जोर येत नाही, पण मिशी येण्याइतका फेस येतो. रक्तदाब असलेल्यांना सोडा न घालता, नुसत्या पाण्यात द्या. पाक त्या दिवशीपुरताच करा, आणि मुलांना सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी द्या. चहापत्ती आहे त्यात, नाहीतर रात्री अकरापर्यंत गोष्टी सांगत बसावं लागेल.